शटर उघडं ठेवून बोलायचं कसं

मी तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान चालवतो. सिमेंट, सळई, पाइप, रंग, खिळे. हे टिपण माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांचं पोट गल्ल्यावर आहे, ज्यांना नगरपरिषदेच्या कारभाराबद्दल काही बोलायचंय, आणि ज्यांना घरचे, शेजारचे, व्यापारी संघटनेतले सगळे एकच ऐकवतात: "शेठ, आपण धंदेवाली माणसं. आपल्याला काय करायचंय?"

पक्ष कसा काढावा, आमदार कसं व्हावं, हे मला येत नाही. ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याच घरच्या लग्नाला जायचं, त्यांनाच सिमेंट विकायचं आणि तरी बोलणं थांबवायचं नाही, एवढं थोडंफार जमतं. तेच सांगतो.

"आपल्याला काय करायचंय" याचं उत्तर आधी पाठ करून ठेवा, ते दर आठवड्याला लागतं. मी दोन गोष्टी सांगतो. एक, राज्यघटनेचं कलम १९. त्या यादीत पहिलं नाव बोलण्याच्या स्वातंत्र्याचं आहे आणि शेवटचं धंदा करण्याच्या स्वातंत्र्याचं. शेवटचं हवं आणि पहिलं नको, असं कसं चालेल? दुसरी गोष्ट महात्मा फुल्यांची. जोतीराव ठेकेदार होते, व्यापारी होते, आणि १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी पालिकेने हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला, तेव्हा ३२ सदस्यांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. ज्याने १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, तो हाच लिटन. सरकारी कामांचे ठेके घेणारा माणूस हे करू शकला, तर आपण निदान एक अर्ज तरी करू शकतो. एवढं सांगितलं की समोरचा बहुधा चहा मागवतो आणि विषय बदलतो.

आधी स्वतःची वही

दुकानदार तुरुंगाला फारसा भीत नाही. तो उधारीला भितो. म्हणून पहिला अर्ज लिहिण्याआधी एक वही घ्या आणि तुमचं नाक कोणाकोणाच्या हातात आहे ते लिहून काढा. माझ्या यादीत चार नावं होती: उधारीवर माल उचलणारे ठेकेदार, नगरपरिषदेची किरकोळ खरेदी, बँकेची सीसी (म्हणजे कॅश क्रेडिट, धंद्यासाठीचं कर्जखातं), आणि निरनिराळे परवाने. तुमचा गाळा नगरपरिषदेच्या संकुलात असेल तर भाडेपट्टा सगळ्यात वर लिहा. त्याची मुदत कधी संपते, नूतनीकरणाचा कागद हातात आहे की नुसतं तोंडी "होऊन जाईल" आहे, ते बघा.

मग एकेक गाठ सोडवा. घाई करू नका, याला काही महिने लागतात. नगरपरिषदेला माल देणं बंद करा. ज्या ठेकेदाराच्या कामाबद्दल विचारायचंय त्याच्याशी रोखीचा व्यवहार ठेवा. तो दुसरीकडे जाईल, जाऊ द्या. एकाच गिऱ्हाइकावर धंद्याचा चौथा हिस्सा चालत असेल तर त्याला गिऱ्हाईक म्हणण्यात अर्थ नाही, तो तुमचा मालक झालेला असतो. जीएसटीची विवरणपत्रं वेळेवर भरा. काट्यावर चालू वर्षाचा वजनमापाचा शिक्का असू द्या. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या फाइलला लावा. आणि टेप घेऊन आपल्या दुकानाचा ओटा, पायरी आणि पत्रा मोजा. गटारावर दोन फूट आलेला ओटा असलेल्या माणसाने अतिक्रमणावर तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी कुणाच्या दारात येतो, हे वेगळं सांगायला नको.

घरी बायकोला आणि मुलाला आधीच सांगा. कुठलेही कागद लपवू नका. तुमच्या माघारी दुकानात कुणी "साहेबांनी बोलावलंय" म्हणत आलं तर काय उत्तर द्यायचं, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला ठाऊक हवं. आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे: "लेखी द्या, वडिलांना देतो."

प्रश्न आपल्या धंद्यातला निवडा

नवीन माणूस पहिल्याच दिवशी "भ्रष्टाचार" हा विषय घेतो आणि महिन्याभरात थकतो. तुम्हाला जे डोळे मिटून कळतं तिथून सुरुवात करा. किराणावाल्याला रेशनच्या धान्याची प्रत कळते, डॉक्टरला ग्रामीण रुग्णालयातला औषधसाठा, कापडवाल्याला शाळेच्या गणवेशाचं कापड. मला पेव्हर ब्लॉक कळतात. आयएस १५६५८ या मानकात हलक्या रहदारीला ६० मिलिमीटर आणि मध्यम रहदारीला ८० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक सांगितला आहे. पहिल्या पावसात उखडलेला ब्लॉक रस्त्याच्या कडेला पडलेला असतोच. त्यावर स्टीलची टेप धरा आणि आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो काढा. ब्लॉक घरी नेऊ नका, ती सरकारी मालमत्ता आहे आणि तेवढंच निमित्त पुरतं.

आता कागद मागायचे. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "का" आणि "कोण जबाबदार" विचारू नका. त्यांना मत द्यायचं बंधन नाही, कागद द्यायचं आहे. नेमक्या नावाने कागद मागा. मी असा लिहितो:

"विषय: प्रभाग क्र. … मधील … ते … या रस्त्याचे पेव्हर ब्लॉकचे काम. कालावधी: …. हवी असलेली माहिती: सदर कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली देयके, साहित्य चाचणी व त्रयस्थ तपासणी अहवाल, तसेच करारनाम्यातील दोषदायित्व कालावधीचा भाग, यांच्या छायांकित प्रती. माहिती व्यक्तिशः घेणार."

यात सगळ्यात बोलकी असते मोजमाप पुस्तिका. ज्याला सगळे 'एमबी' म्हणतात ती. अंदाजपत्रकात काय ठरलं आणि एमबीत काय झाल्याचं लिहिलं, हे शेजारी ठेवा, तिसरा तुमचा टेपवाला फोटो. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, संपायच्या आत अर्ज केला असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घेता येते. गावाचं खरं काम इथे होतं. कुणाला धडा शिकवण्यापेक्षा रस्ता नीट झालेला बरा, असं माझं मत आहे. पटत नसेल तर सोडा.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये आणखी एक हत्यार आहे, ते फारच थोडे लोक वापरतात. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क नागरिकाला आहे. काम चालू असताना नमुना मागा, मग बघा गिलाव्यात सिमेंट आपोआप कसं वाढतं.

उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे रांग मोठी आहे, तारीख लवकर लागेल या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा सोमवार धरा. २०१८ च्या शासन परिपत्रकाने महापालिका, नगरपालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला दिले पाहिजेत, असं सांगितलं आहे. पुण्यात महापालिकेने हे त्याच्या बरंच आधी सुरू केलं होतं. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा, कारण टेबलावरच्या लिपिकाने ते बहुधा पाहिलेलं नसतं. सोमवारची दुपार दुकानात तशीही थंड असते.

कार्यालयात जाताना दोघं जा. एकट्याने जाऊ नका, आवाज चढवू नका, टेबलावर हात आपटू नका. भिंतीवर "सरकारी कामात अडथळा आणल्यास कलम ३५३" अशी पाटी दिसेल. ते जुन्या दंड संहितेचं ३५३. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात त्याचं कलम १३२ झालं. पाट्या अजून जुन्याच आहेत, पण तुम्ही लिपिकाला ते ऐकवायला जाऊ नका.

कागद आला की वाटून टाका

आमच्याकडे "आरटीआयवाला" ही जवळजवळ शिवी आहे. अर्ज करायचा, कागद मिळाले की ठेकेदाराला गाठायचं आणि पाकीट घेऊन गप्प बसायचं, हा काही लोकांनी धंदाच केला. म्हणून तुमचा अर्ज पडला की पहिला निरोप येतो: "शेठ, बसून बोलू." त्याला माझा एकच उपाय आहे. कागद हातात आला की आठवड्याच्या आत सगळ्यांना देऊन टाका. फोटो काढून प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, एक झेरॉक्स दुकानाच्या फलकावर, एक वाचनालयात, एक तालुक्याच्या वार्ताहराला. जे सगळ्यांकडे आहे ते विकता येत नाही, आणि तुमच्याकडे विकायला काही उरलं नाही हे कळलं की पाकिटं येणं थांबतं.

यात जिवाच्या काळजीचाही भाग आहे. तळेगाव दाभाड्यात जानेवारी २०१० मध्ये सतीश शेट्टी यांचा दिवसाढवळ्या खून झाला. जमिनीचे व्यवहार ते उघडे पाडत होते. जमीन, वाळू, आणि मोठ्या ठेक्यांचा विषय असेल तर एकट्याच्या नावाने अर्ज करू नका. पाच जणांनी पाच वेगवेगळे कागद मागा, प्रती गावाबाहेरच्या ओळखीच्या माणसाकडेही ठेवा. धमकी आली तर तारीख-वेळ लिहून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा. फुशारकी मारून चहाच्या टपरीवर सांगत बसू नका.

लिहिताना

"अमक्याने पैसे खाल्ले" हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी लिहू नका. तुम्ही खाताना पाहिलेलं नाही. "अंदाजपत्रकात ८० मिमी, जागेवर ६० मिमी, देयक पूर्ण अदा. फरक कोण वसूल करणार?" हे लिहा. दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं, पहिल्याला फक्त नोटीस.

कायदा एवढा लक्षात ठेवा. बदनामी आता न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. हा अदखलपात्र गुन्हा, पोलीस थेट उचलू शकत नाहीत. तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागतं. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्हेतूने मांडलेलं मत, हे दोन अपवाद त्याच कलमात आहेत. मात्र सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते, म्हणून कागद आधी, पोस्ट नंतर. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात सांगून ठेवलंय की सरकार किंवा स्थानिक संस्था आपली बदनामी झाली म्हणून भरपाईचा दावा लावू शकत नाही. म्हणजे "नगरपरिषदेची बदनामी" अशी नोटीस आली तर घाबरायचं कारण नाही. व्यक्तीचं नाव घेतलंत तर गोष्ट वेगळी.

जिथे खरोखर जपायचं ती नव्या न्याय संहितेची कलमं १९६, २९९ आणि ३५३: दोन समाजांत तेढ, धार्मिक भावना, आणि अफवा. रस्त्याच्या प्रश्नात ठेकेदाराची जात किंवा धर्म आणलात की रस्ता राहतो बाजूला. दुसऱ्याने आणला तर ग्रुपवर तिथल्या तिथे टोका. ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर माहीत असू द्या: सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

आणि हो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कुणी तोंडावर फेकलं तर हसून सांगा की ते २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात रद्द झालं. त्या प्रकरणाची सुरुवात आपल्याच पालघरमध्ये झाली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्या निकालात न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन भाग पाडले. पहिल्या दोघांना मोकळीक आहे, तिसऱ्यापाशी कायदा येतो. पोस्ट टाकण्याआधी ती यातल्या कुठल्या खणात बसते ते स्वतःला विचारा.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर

मंत्र्याचा दौरा असला की आदल्या दिवशी हवालदार "काही गडबड करू नका" अशी नोटीस घेऊन येतो. लोक तिला अजून "१४९ ची नोटीस" म्हणतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ आहे. घ्या, प्रत ठेवा, सही करताना तारीख आणि वेळ घाला. हवालदाराशी वाद घालू नका, तो बिचारा सकाळपासून तेच वाटत फिरतोय. चहा द्या. नोटीस मिळाली म्हणजे तुम्ही गुन्हेगार झालात असं नाही. चौकशीला हजर राहायची नोटीस वेगळी, ती कलम ३५(३) ची. तिला मात्र वकिलाला विचारून, वेळेवर आणि कागदांसह हजर राहा. वकील आधीच ठरवून ठेवा. रात्री अकराला शोधायला लागलात तर मिळेल तो घ्यावा लागतो.

नुसत्या फोनवर बोलावलं तर नम्रपणे म्हणा, "येतो साहेब, नोटीस पाठवा." मोर्चा किंवा धरणं असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का ते आधी बघा. सणासुदीला तो असतोच, आणि पाच जणांचा जमाव तिथे पुरतो.

तुमच्या ठाणेदाराला वाचनाची आवड असेल तर एक गोष्ट जरूर सांगा. १९४६ मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो विचारी, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने. ज्याला प्रत्येक बोलण्यात धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात तेच माप पुन्हा लावलं आणि गुन्हा रद्द केला.

गोदामातली बैठक

गावात बोलायला जागा नसते हे मला फार उशिरा लक्षात आलेलं वास्तव. मंगल कार्यालय माजी नगराध्यक्षांचं, शाळेचा हॉल संस्थाचालकांचा, देवळाचा सभामंडप ट्रस्टचा, आणि ट्रस्टी कोण ते सांगत नाही. माझ्याकडे गोदाम आहे. महिन्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, सिमेंटच्या गोण्या एका बाजूला लावतो आणि सतरंजी टाकतो. तुमच्याकडे गोदाम नसेल तर गच्ची, गॅरेज, पिठाच्या गिरणीचा ओटा, काहीही चालेल. अट एकच, जागा तुमची हवी.

नियम थोडे आहेत आणि पाळले जातात. व्यासपीठ नाही, हार-शाल नाही, दीपप्रज्वलन नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं. गिरणीवाल्याकडे घड्याळ असतं आणि तो कुणाचं ऐकत नाही. पक्षाच्या लोकांनी यावं, उपरणं बाहेर ठेवून. बायकांनी आधी बोलायचं, कारण शेवटी ठेवलं की तोवर स्वयंपाकाची वेळ झालेली असते. बोललेलं सगळं एका वहीत लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी सुरुवातीला वाचलं जातं.

भाजीवाल्या मावशींनी पहिल्यांदा इथेच सांगितलं, की बाजार वसुलीवाला घेतो जास्त आणि पावती देतो कमीची. मला पंचवीसेक वर्षं बाजारात बसून हे ठाऊक नव्हतं. आम्ही केलं इतकंच: वसुलीचे ठरावातले दर माहिती अधिकारात मागवले, मोठ्या अक्षरात छापले आणि प्रत्येक हातगाडीवर चिकटवले. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडलेले असले पाहिजेत, असं आहे. तुमच्या गावात ती समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हा पुढचा अर्ज तुमच्यासाठी तयारच आहे.

या बैठकीची खरी परीक्षा आवडीच्या माणसांनी होत नाही. एका पोराने, जो माझ्या विरुद्ध गटाचा आहे आणि ज्याने मला "ठेकेदारांचा दलाल" म्हणून लिहिलं होतं, नेत्याचं व्यंगचित्र स्टेटसला ठेवलं. त्याला ठाण्यात बोलावलं. त्याच्या गटाचे सगळे फोन बंद झाले. मी वकील घेऊन गेलो. तो मला बघून ओशाळला, पण तेवढ्यासाठी गेलो नव्हतो. व्यंगचित्र मला अजिबात आवडलं नव्हतं, वाईट काढलं होतं. पण आज त्याचं स्टेटस पुसलं गेलं असतं तर उद्या माझ्या फलकावरची झेरॉक्स फाडायला कुणाला काय अडचण होती? तो आता बैठकीला येतो, आणि अजूनही मला दलालच म्हणतो, फक्त तीन मिनिटांत.

उभं राहायचं का

वर्षानुवर्षं प्रशासक असलेल्या नगरपरिषदांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, तेव्हा सगळे म्हणाले, शेठ भरा फॉर्म. मी नाही भरला. सभागृहात गेलो की सोमवारी टेबलापलीकडून फाइल मागणारा एक माणूस कमी होतो, आणि आमच्याकडे ते अजून दोघं-तिघंच आहेत.

तुम्ही भरणार असाल तर एवढं बघा. नगरपरिषदेशी ठेक्यात तुमचा हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमाच्या कलम १६ ने अपात्र ठरता. भावाच्या नावाने घेतलेलं काम विरोधक शोधून काढतातच. थकबाकी नसल्याचा दाखला वेळेवर काढा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर विषय संपला. शपथपत्रात गाळे, गाड्या, कर्ज सगळं लिहा. आणि फॉर्म भरायच्या दिवशी फलकावरच्या झेरॉक्सची आणि बैठकीच्या वहीची जबाबदारी अशा माणसाकडे द्या जो निवडून आल्यावर तुम्हालाही पहिला अर्ज टाकेल.